ज्याच्याशी वाद, त्याचा डबा

परवा इंदापूरला आमच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा गट, आणि परिषद म्हणजे त्या शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून शिकवण्याबद्दल बोलायचं. एका तरुण मॅडमनी पहिलीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं हे पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं. त्यातलं निम्मं मला पटलं आणि निम्मं मुळीच पटलं नाही. मी हात वर करून तसं म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी जेवणाच्या पंगतीत शिंकले. मॅडम गोड हसल्या, "नोंद घेते मॅडम" म्हणाल्या, टाळ्या झाल्या आणि आम्ही जेवायला उठलो. केटररकडून मसालेभात आणि शिऱ्याची ताटं आली होती. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जोडलेल्या हातांचा आणि अंगठ्यांचा ढीग पडला.

कोणी रागावलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही. माझ्या घशाखाली मात्र तो शिरा उतरेना. लोक म्हणतील, बाईंना भांडणाची हौस आहे. आहेच. पण भांडायलाही समोर माणूस लागतो, आणि त्या ताटांपुढे बसल्यावर मला एका माणसाची फार आठवण आली.

बदली होण्याआधी मी बारामतीकडे होते. कालव्याकाठचं गाव, चहूकडे ऊस, सकाळी डेअरीकडे जाणाऱ्या किटल्यांचा खडखडाट. पटसंख्या बरी असल्यामुळे आमच्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. 'ब' माझी, 'अ' गुरुजींची, आणि मध्ये दार असलेली एक भिंत. गुरुजी बारामतीचे. त्यांच्या भावाचं तिथं भांड्यांचं दुकान होतं. घरातले बाकीचे सगळे त्या दुकानात रमले, हे एकटे शिक्षक झाले. तेसुद्धा पहिलीचे. इतर शिक्षक पहिली टाळतात, कारण पहिलीत निम्मा वेळ नाकं पुसण्यात आणि नाड्या बांधण्यात जातो. गुरुजी मे महिन्यातच मुख्याध्यापकांकडे जाऊन पहिली मागून घ्यायचे. असं करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते.

भिंतीपलीकडून सकाळभर बाराखडी यायची. क का कि की, ख खा खि खी. मुलं डोलत डोलत म्हणायची आणि त्या चालीवर माझ्याही वर्गातली डोलायला लागायची. मी नवीन होते, शिकून आले होते आणि माझं डोकं तापलेलं असायचं. माझी रीत वेगळी होती. मुलांच्या तोंडचे शब्द घ्यायचे, ऊस, बैल, चहा, आजी, ते फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे, त्यांची गोष्ट करायची, आणि अख्खा शब्द ओळखीचा झाला की मग त्यातलं अक्षर सुटं करायचं. अर्थ आधी, अक्षर मागून. गुरुजींचं नेमकं उलट होतं. आधी अक्षर, मग काना-मात्रा, मग शब्द, आणि गोष्ट दिवाळीनंतर.

माझ्या पहिल्याच परिषदेत मी उठून सांगितलं की, गुरुजींच्या वर्गात पोपट तयार होतात. पुरावाही दिला. त्यांच्या वर्गातल्या मुलाला नुसतं 'की' दाखवलं तर ते त्याला ओळखू येत नाही. क का कि की असं म्हणत म्हणत तो तिथपर्यंत येतो तेव्हा ओळखू येतं. हे खरं होतं. पण पोपट हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता आणि जिभेला काही हाड नसतं. गुरुजी उठून उभे राहिले आणि तसेच पुन्हा बसले. त्यांचा चेहरा पाहून खोलीतले पंखेसुद्धा अवघडल्यासारखे वाटले.

तेव्हा आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे, एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी मला गप्प केलं नाही की माफी मागायला लावली नाही. दुपारी डबे उघडायच्या वेळी ते आले, त्यांनी माझा डबा उचलून गुरुजींपुढे ठेवला आणि गुरुजींचा माझ्यापुढे.

"ज्याच्याशी वाद, त्याचा डबा," ते म्हणाले. "खाल्ल्या घरचं वासं मोजू न्हाईत म्हणत्यात. आता खावा, आन मग मोजा काय मोजायचं ते."

गुरुजींचा डबा भावाच्या दुकानातला, चार पुडांचा, घट्ट कडीचा. मला तो उघडेना. त्यांनीच हात पुढे करून उघडून दिला. ज्वारीची भाकरी, मेथीची परतलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि एका पुडात चिरलेला पेरू. मी माझा शब्द मागे घेतला नाही, फक्त जेवले. तेही माझी भाजी निमूटपणे जेवले. आणि मग पेरूची फोड उचलताना म्हणाले, "'की'चं तुमचं खरं हाय. पण तुमची पोरं चित्र बघून वाचत्यात, त्याचं काय?" आणि आमचा वाद सुरू झाला तो अडीच वाजेपर्यंत चालला. आबा शेजारी पान लावत बसले होते.

त्या दिवसापासून तो आमच्या केंद्राचा रिवाजच झाला. सकाळी ज्याचं म्हणणं खोडून काढायचं, दुपारी त्याच्यासमोर बसून डबे बदलायचे. आधी लोकांनी थट्टा केली. नंतर लक्षात आलं की, दुपारी ज्याची भाकरी मोडायची आहे त्याला सकाळी गाढव म्हणताना माणूस आपोआप दुसरा शब्द शोधतो. वाद कमी झाले नाहीत. उलट वाढले, पण त्यांना एक वळण आलं.

गुरुजींचा स्वतःचा आणखी एक नेम होता. वाद परिषदेत घालायचा. शाळेत नाही, मुलांदेखत नाही आणि पालकांपुढे तर मुळीच नाही. एकदा एक पालक तावातावानं त्यांच्याकडे आले. पलीकडच्या, म्हणजे माझ्या, वर्गात मुलं गोष्टीच ऐकत बसतात, अक्षरं कधी शिकायची, मुलीला तुमच्या तुकडीत घ्या, असं त्यांचं म्हणणं. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू येत होतं. ही तक्रार तर गुरुजींचीच होती, शब्दाला शब्द. गुरुजी म्हणाले, "त्या बाईंच्या वर्गात तुमची पोरगी हाय हे नशीब समजा." ते गृहस्थ गेले. पुढच्या परिषदेत गुरुजींनी याच मुद्द्यावर मला अर्धा तास सोलून काढलं.

त्यांचा मुद्दा वरवरचा नव्हता. शाळेत माझ्याशी वाद न घालता ते नुसतं माझ्या वर्गातल्या एका मुलीला जवळ बोलावत, पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवत आणि म्हणत, आता वाच. चित्र दिसतंय तोवर ती घडाघडा वाचायची. चित्र झाकलं की ती माझ्याकडे बघायची. दुसरा मुद्दा त्याहून जड होता. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येत, त्यांची मुलं आमच्या वर्गात येऊन बसत आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जात. गुरुजी म्हणाले, "जे पोर शिमग्याला जाणार, त्याला तुमी अर्धी गोष्ट देऊन धाडणार. तिकडच्या मास्तरला काय कळणार, हितं कुठवर आलतं? अक्षर कसं, दहा शिकवली तर दहा सोबत जात्यात." मी म्हटलं, दहा अक्षरं घेऊन गेलेलं मूल वाचायचं कशाला हेच विसरून जातं. ते म्हणाले, हेही खरं आहे. मग आम्ही जेवलो.

पुढे पुढे या रिवाजाला फाटे फुटले, कारण शिक्षक झाले तरी शेवटी माणसंच. सांगवीकडच्या एका सरांची आई भरलं वांगं असं करायची की झाकण उघडायच्या आत वास येई. त्या सरांना बोलणं मुश्कील झालं. ते 'आज सोमवार आहे' म्हणाले तरी विरोधाला दोघं उठायचे. बिचाऱ्यांनी गणितापासून कवायतीपर्यंत कशावरही मत दिलं की ते खोडलं जाई आणि दुपारी डबा हिसकावला जाई. आबांना सगळं कळत होतं. ते मिशीत हसत.

माझं मात्र कोणी खोडत नसे. मी दर परिषदेत वाचनावर बोलायचे आणि गुरुजी सोडले तर सगळे मान डोलवायचे. मला वाटलं, माझी पद्धत केंद्राला पटली. सगळ्यांचं मत वळलं, एक म्हातारा तेवढा हट्टाला पेटलाय. हे मी माहेरी कळंबला जाऊन वडिलांनाही सांगितलं. मान थोडी ताठच झाली होती माझी.

गुरुजींचा विरोध काही चुकला नाही. बहुतेकदा गुरुवारी परिषद असे आणि माझा गुरुवारचा उपास, त्यांच्यासाठी मात्र मी भाजी-भाकरीच आणायचे. सुरुवातीला मी मुकाट्यानं त्यांच्या डब्यातली भाकरी बाजूला ठेवायचे. मग एका महिन्यात डबा उघडला तर आत साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि काकडी. म्हणजे माझ्याशी आज वाद होणार हे घरून निघतानाच ठरलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, मी काय बोलणार हे ऐकायच्या आधीच तुमचा विरोध तयार?" ते गडगडून हसले. म्हणाले, तुम्ही काय बोलणार ते माझ्या बायकोलासुद्धा पाठ झालंय.

आणि एकदा रमजानमध्ये परिषद आली. उन्हाळा कडक होता, त्यांचा रोजा होता, ओठ सुकले होते. मला वाटलं, आज सुटले. पण गुरुजी उठलेच. माझ्या तक्त्यांवरच्या शब्दांत तीच अक्षरं पुन्हा येत नाहीत, मूल अंदाजानं चालतं, असं त्यांनी शांतपणे मुद्देसूद सांगितलं. ते बसताना मी हळूच विचारलं, रोज्यात वाद चालतो का? म्हणाले, "वाद चालतो बाई. भांडण चालत न्हाय." दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा मला कसंसंच झालं. माझ्या समोर घ्यायला डबा नव्हता आणि माझा द्यायचा कोणाला? गुरुजी आले आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या तुमचा डबा. सांजच्याला त्याच्यावरच रोजा सोडीन." माझा डबा मोटारसायकलच्या हँडलला अडकवून ते बारामतीला गेले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो खजुरांनी भरलेला. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत दोन्ही घरी सारखीच होती.

मग आबा निवृत्त झाले. नवे साहेब आले, तरुण, हुशार, बोलायला अत्यंत नम्र. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की, मुलं वाचायला लागावीत. त्यांनी दोन-तीन परिषदा पाहिल्या आणि एक दिवस आमच्या शाळेत येऊन सांगितलं की, केंद्रातल्या सगळ्या पहिलीच्या वर्गांत एकच पद्धत असावी, आणि ती माझी. केंद्रात या पद्धतीला जवळजवळ एकमुखानं पाठिंबा आहे, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे. पुढच्या परिषदेत ते जाहीर करणार होते. ज्यांना ती पद्धत जमणार नाही त्यांना वरचे वर्ग देऊ, असंही म्हणाले. बोलताना त्यांनी गुरुजींकडे पाहिलं नाही, पण वरचा वर्ग कोणाला मिळणार हे शिपायालाही कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू. मग शाळा सुटल्यावर गुरुजी ओट्यावर बसलेले दिसले. पहिलीच्या पाट्या पुसून एकावर एक रचत होते. ते म्हणाले, "माझं शेवटचं वरीस हाय. सगळं आयुष्य पहिलीत गेलं. आता चौथीला काय येतंय मला? आन मला न पटलेलं मी शिकवलं तर पोरं ओळखत्यात बाई. लहान पोरं लगीच ओळखत्यात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते फार लागलं. मी त्यांच्याशी इतके दिवस भांडले ते त्यांना त्या वर्गातून उठवायला नव्हे.

परिषदेच्या दिवशी सकाळी माझी एक मैत्रीण मला स्कूटीवर घ्यायला आली. ती वडगाव निंबाळकरकडच्या एका शाळेत होती. वाटेत मी तिला म्हटलं की, मला वाईट वाटतंय, पण करणार काय, सगळं केंद्रच माझ्या बाजूनं आहे. तिनं स्कूटी कडेला घेतली. आधी हसली, मग म्हणाली, "अगं, तुझ्या बाजूनं कोण आहे? तुझ्या भाजीत मीठ किती असतं! तुला विरोध केला तर ती खावी लागते. कोण उठणार?"

मला आधी कळेचना. आमच्या माहेरी सगळेच तसं खातात, नवरा तिकडचाच, घरी कधी कोणी काही म्हटलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, एकदा एका सरांनी धीर करून माझं खोडलं होतं, त्या दुपारी ते तांब्याभर पाणी प्याले आणि पुन्हा वाचनावर कधी बोलले नाहीत. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं मला. माझ्या पद्धतीचा तो एकमुखी पाठिंबा, वडिलांना सांगितलेली ती बढाई, सगळं मिठात विरघळलं. पण रागाच्या मागून दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि स्कूटीवर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. भर उन्हाळ्यात, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता, त्या माणसानं माझ्या भाजीवर रोजा सोडला होता.

परिषदेच्या खोलीत नवा पडदा लावलेला होता. साहेबांनी सांगितलं की, आजपासून जेवण केटररकडून येईल, डबे आणायची दगदग नको. मग त्यांनी पहिलीच्या वर्गांचा विषय काढला आणि विचारलं, "या पद्धतीला कोणाचा विरोध आहे का?" कोणी हललं नाही. गुरुजीसुद्धा खाली बघत होते. स्वतःचा वर्ग वाचवायला उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी उठले. म्हटलं, "साहेब, आहे. मला वाटतं पुष्कळांचा आहे. ही माणसं गप्प आहेत ती माझी पद्धत पटली म्हणून नव्हे. माझी भाजी खारट असते म्हणून."

मागच्या बाकावरून जो हशा फुटला तो थांबेना. साहेब गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. मी त्यांना रिवाज समजावून सांगितला. मग सगळ्यांकडे वळून म्हटलं, आज ताटं येणार आहेत, कोणालाही माझा डबा खावा लागणार नाही, आता मनातलं बोला.

आणि बोलले हो. एकामागून एक उठले. भरल्या वांग्याचे सर म्हणाले की, माझी पद्धत चाळीस मुलांच्या वर्गात जमत नाही. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या मुलांना शब्द येतात पण नवीन शब्द आला की ती अडतात. माझी मैत्रीणही उठली आणि तिनंही दोन दोष काढले, चांगले नेमके काढले. माझे कान तापले. पण हे सगळं मला आधी का कळलं नाही, याचं वाईट त्याहून जास्त वाटत होतं. इतक्या वर्षांत मी सुधारले असते.

शेवटी मी गुरुजींच्या बाजूनं बोलले. जरा भरातच बोलले. त्यांच्या पद्धतीनं मुलं पक्की होतात, बाहेरून येणाऱ्या मुलांना तिचाच आधार, आणि त्यांच्या वर्गातलं एकूण एक मूल वाचतं. एवढं बोलून मी बसते तोच गुरुजी उभे राहिले.

"बाईंचं मला पटत न्हाय," ते म्हणाले.

सगळे पुन्हा हसले. ते हसले नाहीत.

"एकूण एक वाचत न्हाईत. चार पोरं अडलेली हायत. सगळी अक्षरं येत्यात त्यांना, पण वाचायला येत न्हाय. मी पोटतिडकीनं शिकवलं तरी न्हाय येत. बाईंनी माझ्यावर दया केली. दया नगं साहेब. मला वादाची सवय हाय, त्योच राहू द्या."

साहेबांनी विचारलं, मग त्या चार मुलांचं काय करायचं? गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, दुपारच्या सुट्टीनंतर ती बाईंकडे बसतील. आणि चित्र झाकलं की अडणारी बाईंची मुलं माझ्याकडे येतील. मी म्हटलं, येतील. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, या वर्षी दोन्ही तुकड्या आहेत तशा राहू द्या, पुढचं पुढे बघू. मी आधीच म्हटलं, माणूस वाईट नव्हता.

दुपारी ताटं आली. गुरुजी ताटाकडे न जाता पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी डबा काढला. ताटांची घोषणा सकाळी झाली होती, डबे तर आम्ही दोघांनी घरूनच आणले होते. मला माझा डबा पुढे करायची लाज वाटत होती. त्यांनी तो स्वतःच ओढून घेतला आणि रोजच्यासारखा निमूटपणे संपवला.

ते शेवटचं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं. दुपारनंतर भिंतीच्या दारातून मुलांची ये-जा चालायची. गुरुजींच्या चारांपैकी तीन वाचायला लागली. चौथं नाही लागलं, ते आमच्या दोघांच्याही हाताबाहेरचं होतं आणि आम्ही दोघं त्याच्यावरून पुष्कळ हळहळलो. एप्रिलमध्ये गुरुजींना शाल आणि श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, आणि भाषणांत सगळ्यांनी सगळंच गोड सांगितलं. ते खुर्चीत अवघडून बसले होते. पुढे माझीही बदली इंदापूर तालुक्यात झाली.

परवाच्या त्या शिऱ्यानंतर मला राहवेना. रविवारी गवारीची भाजी आणि भाकरी डब्यात घातली आणि बारामतीची एसटी पकडली. मीठ मी हल्ली बेतानं घालते. पण त्या दिवशी भाजी करताना मन कुठं होतं कोण जाणे, हात जुन्याच मापानं गेला असावा.

गुरुजी थकलेत. दुकानाच्या वर राहतात, खाली भांड्यांचा आवाज चालू असतो. भाभींनी ताट मांडलं. मी विचारलं, "गुरुजी, माझ्या भाजीत मीठ जास्त असायचं, तुम्ही इतक्या वर्षांत कधी बोलला कसे नाही?"

"तुमी विचारलं कुठं कवा?" ते म्हणाले. "तुमी तुमच्या वर्गाचं विचारत होता."

मग मी माझ्या वर्गाचं सांगायला लागले. आता मी पहिल्या महिन्यात थोडी अक्षरं आणि त्या अक्षरांचेच मुलांच्या तोंडचे शब्द बरोबर घेते, चित्र मागून दाखवते, टोळीची मुलं आली की त्यांना आधी त्यांच्या नावातली अक्षरं देते. इंदापूरच्या एका परिषदेत हे सगळं सांगितलं तेव्हा कोणी 'का' असं विचारलंसुद्धा नव्हतं. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते, मधूनच भाकरीचा तुकडा मोडत होते. मी थांबले आणि वाट बघत बसले. इतकी धाकधूक मला कुठल्या साहेबापुढे कधी झाली नाही.

"न्हाय पटलं, बाई," ते म्हणाले. "नावातली अक्षरं प्रत्येकाची येगळी. सगळ्या वर्गाला एकदम शिकवणार कशी? बसा, सांगतो."

आणि सांगता सांगता त्यांनी माझा डबा पुढे ओढला आणि भाजी आणखी वाढून घेतली.